चेपे चावत नाही

नाही हो बाई, चावत नाही, चेपे कुणालाच चावत नाही. पाटीवर आहे तेच याचं नाव, चेपे. माझ्या नवऱ्यानं रंगवलीय पाटी, एडिल्सननं. चित्रातलं मागचं झाड पपईचं वाटतं ना? जंगलातलं यारुमो आहे ते, याच्या खाण्याचं, पण चित्रकला त्याची तेवढीच. या ना, छत्रीखाली या, वाळू तापलीय. मुलीलाही आणा. काय गं नाव तुझं? — लाजते. असू दे. माझी बघा, टोपलीत झोपलीय, सारिथ. उठली की अख्खा किनारा डोक्यावर घेईल. तुमची बोट संध्याकाळीच सुटणार, फोटोची घाई काय आहे?

हो, हसतोय. सगळे तेच म्हणतात, बाई गं, हसतो कसा! खरं सांगू? तोंडाची ठेवणच तशी. तुम्ही स्लॉथ म्हणता, या जातीला आम्ही आळशीच म्हणतो — दिवसभर फांदीला लटकायचं आणि हसायचं. भूक लागली तरी हसतो, घाबरला तरी हसतो. माझ्या सासूचं नेमकं उलटं — ऐकत नाही ना ती? तिकडे नारळ घेऊन बसलीय, कान मात्र इकडे.

नखं? कापलीत. तुमच्या लेकीला ओरखडा नको म्हणूनच तर. वाढतात परत — वाढत असतील. पहिल्या चेपेची काही — म्हणजे, हो, आधी एक होता. पाटी रंगवलेली होती, मग नाव कशाला बदलायचं? एकच होता. म्हणजे एका वेळी एक. लहान पिल्लं टिकत नाहीत हो, सगळ्यांचंच तसं आहे, त्या ओनोफ्रेला विचारा, तो पोपटवाला, तो तर पाटीवर नावच घालत नाही. पण हा टिकणार. हा मोठा झाला की परत झाडावर. सारिथच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय मी — घ्यायला नको होती, लेकराच्या डोक्यावर असलं काही ठेवू नये, पण घेतली. आता तो जगायलाच हवा.

खातो काय? पानं, यारुमोची. पण ती खाडीच्या आत मिळतात, कांदळवनाच्याही पलीकडे, आणि एडिल्सन तिकडे जातो तो फक्त नवीन आणायचा असला की. मग मी दूध देते. डब्यातलं नाही हो! डब्यातल्यानं आधीचे फुगले. माझं. थेंबनळीनं. — असं बघू नका. सारिथ पिऊन झोपली तरी माझी छाती दगडासारखी, आणि हा असा ब्लाउजला धरून वर तोंड करतो. तुम्हीही आई आहात, तुम्ही काय केलं असतं? सासू म्हणते, नातीच्या तोंडचं काढून जनावराला पाजतेस, उद्या पाळणाही त्यालाच बांध. बांधलाही असता, पण पाळणा एकच आहे.

मागे एक पोरगी आली होती, जाड चष्म्याची, यांच्यावरच अभ्यास करणारी. म्हणाली, कुठलंच दूध देऊ नका, पोटातच सडतं. मीही शाळा पुरी केलीय, अगदीच काही कळत नाही असं नाही, पण आईच्या दुधानं कुणी मरतं का? मरतं का? — मनात येतं मात्र. सारिथ झाल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं असतंच काय? प्यायली का, शी झाली का, पोट मऊ आहे का. आधी तिचं चाचपायचं, मग याचं. तिचं मऊ. याचं नगाऱ्यासारखं. आल्यापासून याला एकदाही — असो, तुम्ही आत्ताच जेवून आला असाल.

आई? आहे ना याची आई. झाडावर. मुलीला सांगा, झाडावर आहे. — तुम्ही जरा इकडे सरका. फांदीच तोडावी लागते हो बाई. हलवून ती सोडत नाही. फांदीसकट खाली आली, हा तिच्या छातीशी. एडिल्सन सांगत होता, मेली तरी हात सुटेनात, याला काढायला एकेक बोट उकलावं लागलं. म्हटलं, मला कशाला सांगितलंस? मला सांगायचं नाही असलं काही. तो जेवला नाही त्या दिवशी. आणि मी — मी याला घेतलं आणि हा चिकटला ना, असा, गळ्याशी — जाऊ दे.

ये बाळा, हात लाव. पाठीवरून, हळू. काय म्हणते? गार आहे? असतोच तो गार, उन्हात आला की — छत्रीखालीही भाजतंय की आपल्याला. थांब हं. हात काढ जरा. चेपे. ए चेपे. सकाळी तर पापणी हलवली होती, सासूनंसुद्धा पाहिली. झोपलाय. झोपाळूच जात. चेपे, अरे —

फोटो ना, काढा, हसतोच आहे तो. — नको. नका काढू. नको हो, पैसे ठेवा तुमचे, मुलीला घेऊन जा आधी. तिला सांगा झोपलाय. उठली वाटतं माझी — आले गं सारिथ, आले, रडू नको, रडू नको माझी आई, कशी घेऊ तुला, याचे हात — तिच्या डोक्यावर हात ठेवला होता हो मी. — नाही, तुम्ही हात लावू नका. सासूला हाक नको. एकेक बोट सोडवायचं असतं, मला माहीत आहे. तुम्ही जा.