गाण्याच्या क्लासची फी

...आणि वर बँकेतली बाई मलाच विचारते, ‘सर, हा व्यवहार तुम्ही ओळखता का?’ अहो, ओळखतो म्हणून तर फोन केलाय! तुम्हाला सांगतो, बायकोच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लासची वर्षाची फी माझ्या क्रेडिट कार्डावरून परस्पर कापली. बायको जाऊन सात महिने झाले. आता माणूसच नाही तर गाणार कोण? सांगा, माझं काय चुकलं?

क्लासवाल्यांना तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मेहुणी कडाडली, ‘भाऊजी, तुम्ही ना, फार मऊ! बँकेत तक्रार ठोका, ग्राहकाचा हक्क आहे तो!’ ठोकली. फॉर्ममध्ये रकाना, ‘सेवा का नको?’ आवडली नाही, महाग वाटली, वेळ मिळत नाही, इतर. मी ‘इतर’वर खूण केली... दुसरं काय करणार? सांगा, माझं काय चुकलं?

पंधरा दिवसांनी त्याच बाईचा फोन. आवाज एकदम खाली. ‘सर, क्लासनं पुरावा पाठवलाय. तिथलं मॅडमचं खातं रोज कोणीतरी उघडतंय. दुपारी चार वाजता, वीस मिनिटं!’

तुम्हाला म्हणून सांगतो, चारला चहा टाकला की मी तिचा फोन उघडतो. तिनं क्लासच्या सरांना पाठवलेला सराव आहे त्यात. सगळा बेसूर! मध्येच थांबते, खोकते, माझ्यावर ओरडते, ‘अहो, दार लावा, रेकॉर्डिंग चालू आहे!’ मला वाटलं, ते फोनमध्येच असतं. ते निघालं क्लासच्या खात्यात! आता मला काय ठाऊक? सांगा, माझं काय चुकलं?

बाई कुजबुजली, ‘सर, कोणीतरी चोरून वापरत असणार. तसं लिहून द्या. पैसे परत मिळतील, खातं बंद होईल, आतलं सगळं पुसून टाकतील.’

‘नको, नको! तक्रार मागे घेतो.’

‘कारण काय लिहू?’

‘लिहा... गिऱ्हाईक समाधानी आहे.’

मेहुणीला कळलं. ‘शेपूट घातलंत ना?’ म्हणाली आणि फोन आपटला.

आज सकाळी क्लासचं पत्र आलं. ‘अभिनंदन! आपला सराव कमालीचा नियमित असल्यानं आपल्याला वरच्या वर्गात घेत आहोत.’ जिवंतपणी तीन वर्षं सरांनी तिला पहिल्या वर्गातून हलवलं नव्हतं हो...

वरच्या वर्गाची फी दुप्पट आहे. भरून टाकली.