चुकलेली शुश्रूषा

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. क्षिप्रा मॅडम, व्यासपीठावर अवघडून बसलेले सरपंच हितेशभाऊ, जिच्यासाठी हा हार-नारळ आणलाय ती सत्कारमूर्ती केसर तुकाराम नाखवा, उजवीकडची आमची नारळ-सुपारीच्या वाड्यांवाली मंडळी, डावीकडचा अख्खा कोळीवाडा, आणि पहिल्या रांगेत मधोमध, म्हणजे ना वाडीत ना कोळीवाड्यात अशा बसलेल्या आमच्या सौभाग्यवती अनुसूयाबाई, सर्वांना विश्वंभर मास्तरचा नमस्कार.

सूत्रसंचालक सुचिताताईंनी आत्ता मला ‘शब्दप्रभू’ म्हटलं. ताई, आभार मानतो, पण ते विशेषण हाताशी ठेवा. थोड्या वेळात परत घ्यावं लागेल.

मला विषय दिलाय ‘नर्स या शब्दाचे अर्थ’. वेळ दिलाय पाच मिनिटं. निवृत्त मास्तर आणि पाच मिनिटं यांची गाठ आजवर कधी पडलेली नाही. पण आज घाई मलाही आहे. केसर सिस्टरची सेवा आज संपते आणि उद्या तिची फाइल अलिबागला जाते. त्या फाइलीत एक तक्रार आहे. अकरा वर्षं ती ‘प्रलंबित’ आहे, आणि आज मागे घेतली नाही तर केसरच्या नावापुढे कायमची राहील. ती कुणी केली, हे सांगायला मी उभा आहे. पण मास्तर पडलो. आधी शब्दार्थ, मग वाक्यात उपयोग.

तर नर्स. शब्द इंग्रजांचा, पण मुळात लॅटिनकडचा, आणि त्याचा पहिला अर्थ इंजेक्शन देणारी असा नाही, अंगावर पाजणारी असा आहे. आपली दाई तीच. संस्कृतातली धात्री, तिचंही काम तेच. आया आली पोर्तुगिजांबरोबर. इकडे चौलला ते गलबतांतून उतरले तेव्हा पाव, बटाटा, चावी, पगार आणि आया असं बरंच सामान घेऊन उतरले. ते गेले, सामान राहिलं. आणि सिस्टर म्हणजे बहीण. सरकारी दवाखान्यात बहीण मिळते आणि भाऊ मिळतो, फक्त औषध बाहेरून आणायला सांगतात. मॅडम, हे विनोदाने घ्यावं.

आमच्या नागावच्या रस्त्याला ‘नर्सरी’ अशी पाटी आहे. मुंबईचे पाहुणे गाडी थांबवून विचारतात, इथे मुलाला प्रवेश मिळेल का? तिथे नारळाची रोपं मिळतात. म्हणजे पाजणं, वाढवणं, पोसणं, हा अर्थ सगळीकडून फिरून जागेवर येतो.

सरकारला मात्र तो पुरेना. केसर चौतीस वर्षांपूर्वी लागली तेव्हा नर्स होती. मग अधिपरिचारिका झाली. आता म्हणे परिचर्या अधिकारी म्हणायचं. हुद्दा लांबत गेला, खुर्ची मात्र तीच, एक पाय आखूड असलेली. आणि कोळीवाड्यातल्या बाया अजूनही दारातूनच हाक मारतात, ‘केसर, हायस का गं?’

इंग्रजीत आणखी एक गंमत आहे. तिथे आजारी माणसाला नर्स करतात, तसंच मनातल्या रागालाही नर्स करतात. आपणही राग पोसतोच की! या अर्थाने सभागृहातली सगळ्यात निष्ठावान नर्स केसर नाही, मी आहे. अकरा वर्षं, एक दिवस रजा न घेता.

आता वाक्यात उपयोग.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या हिची दाढ दुखायला लागली. म्हणजे दाढ दुखतेय हे मी ठरवलं. ती म्हणत होती, ‘अहो, जबडा दुखतोय.’ मी म्हटलं, दाढ जबड्यातच असते. अलिबागला दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि वाटेत वेदनाशामक गोळी घ्यावी म्हणून आपल्या रुग्णालयात थांबलो. टेबलाशी केसर. ती माझी विद्यार्थिनी, आठवीत माझ्या वर्गात होती. तिने हिला विचारलं, ‘काय होतंय?’ मी सांगितलं, दाढ. तिने विचारलं, ‘कधीपासून?’ मी सांगितलं, परवापासून. तिने विचारलं, ‘आणखी कुठं दुखतंय?’ मी सांगितलं, कुठे नाही.

तेव्हा केसरने पेन खाली ठेवलं आणि भरल्या ओळीसमोर म्हणाली, ‘मास्तर, तू गप बस. दाढ तुजी हाय का तिची?’

ओळ हसली. कोळीवाड्यात देवालाही तू म्हणतात, गलबताच्या नाखव्यालाही तू म्हणतात, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी रुग्णालयाच्या समितीचा सभासद! तडक बाहेर आलो, बाकावर बसलो आणि दोन पानी तक्रार लिहिली. रुग्णांशी असभ्य भाषा, ज्येष्ठांना एकेरी संबोधन, वगैरे. अक्षर सुरेख आलं होतं. रागात माझं अक्षर नेहमीच सुरेख येतं.

मी बाहेर भाषा सुधारत होतो तेव्हा आत केसर ऐकत होती. ही तिला सांगत होती की डावा हात जड झालाय, काल सुपाऱ्या वेचताना अंगाला दरदरून घाम आला, आणि ‘ह्यांना सांगून उपयोग नाही.’ मी तक्रार कार्यालयात देऊन परत येतो तर दारात रुग्णवाहिका उभी आणि त्यात माझी बायको! हृदयविकाराचा झटका होता. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं. तो तास मी दातांच्या डॉक्टरकडे काढणार होतो.

मग तक्रार मागे घेतली असेल, असं तुम्हाला वाटेल. मंडळी, तुम्ही मास्तर लोकांना ओळखत नाही. उद्या घेऊ, परवा घेऊ. पुढे जिल्ह्याच्या पुरस्काराच्या यादीतून केसरचं नाव गळलं, ‘चौकशी प्रलंबित’ म्हणून. मला ते कळलं होतं. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि वाडीत गेलो. तिच्या घरून दरवर्षी सुके बोंबील यायचे, तेही खाल्ले. चवीने खाल्ले.

गेल्या आठवड्यात कार्यालयातल्या कमलेशने मला बोलावून फाइल दाखवली. तक्रारीखाली केसरचा खुलासा जोडलेला होता. मला वाटलं, चार पानं रडगाणं असेल. दोन ओळी होत्या. वाचून दाखवतो. ‘माननीय मास्तरांच्या पत्रात शुश्रूषा हा शब्द चुकला आहे. बाकी लिहिले आहे ते खरे आहे, मी त्यांना गप बस म्हटले.’

मी माझं पत्र पाहिलं. ‘सुश्रुषा’ लिहिलं होतं. पहिला स चुकला, दुसरा श्रू ऱ्हस्व. सुचिताताई, ते विशेषण आता घ्या परत.

आणि तेव्हा आठवलं. आठवीत हाच शब्द केसरने चुकवला होता आणि मी तिला तो शंभर वेळा लिहायला लावला होता. ‘कोळणीच्या पोरीला काय करायचीय शुश्रूषा,’ असंही वर बोललो होतो. हे बोललो होतो मी. आज लाज वाटते.

या शब्दाचा अर्थ मी चाळीस वर्षं ‘सेवा’ असा सांगत आलो. मूळ अर्थ तो नाही. संस्कृतात शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. बस, एवढंच. मला व्युत्पत्ती पाठ होती आणि केसरला अर्थ.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, ‘अकरा वर्षं? आणि तिचे बोंबील खात होता?’ त्यानंतर चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी एकच वाक्य, ‘सभेत सांगा. मोठ्याने सांगा, मला ऐकायचंय.’

ऐकलंस ना, अनुसूया?

अध्यक्ष महोदया, तक्रार मागे घेत असल्याचं हे पत्र. सही केली आहे, कृपया आजच फाइलीला लावा. पुरस्कार काही परत येणार नाही, तेवढं नुकसान मी केलं ते केलंच.

आणि केसर, ही शंभर पानी वही तुझ्यासाठी. दर पानावर एकदा, शंभर वेळा शुश्रूषा हा शब्द लिहून आणलाय. सत्तेचाळीसाव्या पानावर पुन्हा चुकलो होतो, ते खोडून बाजूला नीट लिहिलंय. तपासून घे. लाल पेन वहीत ठेवलंय.

आयोजकांनी मला बोलावलं, आपण सर्वांनी सहन केलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. पत्रात जे झालं त्याची क्षमा मात्र सभेकडे मागायची नाही. ती जिच्याकडे मागायची ती समोर बसली आहे. केसर, माझं चुकलं. मला माफ कर.

यावर तिला काही बोलायचं असेल, नसेलही. तिने मला एक सूचना अकरा वर्षांपूर्वीच दिलेली आहे. ती आज पाळतो.

गप बसतो.