धीरे चाल, हाक मारतील

मोतीबिंदूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या बाबांचं ऑपरेशन त्यांच्याच हुशारीनं राहून जाणार होतं. बाबांनी डोणगावच्या बाजारात जन्मभर भाजी विकली. दवाखान्यातली दरांची पाटी त्यांना दिसेना, म्हणून मी वाचून दाखवली. ते लगेच काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "दोन्ही डोये एकदम केले तं किती लावसान?"

"काका, इथे भाव होत नाही."

"मंग राहू द्या!" बाबा माझा हात धरून निघाले. दाराशी कुजबुजले, "मारली का बे तिनं हाक?"

"नाही, बाबा."

"धीरे चाल. गिऱ्हाईक पुढं जाऊन राह्यलं का मीच त्याले बोलावतो ना?"

आम्ही इतके धीरे चाललो की मागून आलेली काठीवाली आजी पुढे निघून गेली. फाटकाशी बाबांनी चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली. हाक नाहीच. त्यांचा चेहरा उतरला. डोळे तर त्यांना हवेच होते.

तेवढ्यात बाबांचे डोळे तपासलेले डॉक्टर चहासाठी बाहेर आले. "काका, ऑपरेशन न करताच चालले? या, आत या."

"पाह्य, बोलावलं का नाही!" बाबांनी मला कोपर मारलं आणि आत जाऊन पाटीवरचे पूर्ण पैसे आनंदानं भरले.

गेल्या वर्षी बाबा गेले. आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. त्या वेळी मात्र ते धीरे चालले नाहीत.