सदाच्या खांद्यावरचा हात

माझं माहेर राजापूरकडचं. बापूस शेती करायचा, म्हणजे काय, भाताचे दोन तुकडे आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या कलमांची राखण. लग्न होऊन आले ती थेट परळला, भोईवाड्याच्या अंगाला चाळ होती आमची, एक खोली, पुढं लांब गॅलरी. चाळीतले सगळे पुरुष मिलमध्ये, आमचे हे तेवढे गिरगावात एका फोटो स्टुडिओत कामाला. फोटो काढायचा मालक, हे आत अंधाऱ्या खोलीत धुवायचे. हाताला कायम औषधाचा वास, कितीही साबण लावा.

मालकानं ह्यांना एक जुना कॅमेरा दिलेला. रविवार आला की हे तो घेऊन गॅलरीत. नळावरच्या बायका, पापड वाळत घालणारी कोण, रात्रपाळी करून दाराशीच आडवा झालेला माणूस, कुणाचं तान्हं. मी म्हणायची, अहो, लोकांच्या घरात काय बघत बसता. ते म्हणायचे, तू बघ तरी एकदा. पण मला वेळ कुठं होता, पाणी भरायचं, दळण, सासूचं दुखणं. धुतलेले फोटो ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि मी त्या पेटीवर अंथरुणं रचायची.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचं सुरू झालं. काय सांगू तुम्हाला, तेव्हा घरात बसलेला माणूस दिसायचा नाही, सभा काय, मोर्चे काय, बाया पोरं कडेवर घेऊन जायच्या. हे पण जायचे, कॅमेरा घेऊन. आमच्या शेजारच्या खोलीत तारामावशी, मालवणची, तिचा नवरा कधीच वारलेला, एकुलता एक मुलगा सदा. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता, हसरा, मला वैनी वैनी करायचा. तो एका मोर्चात गेला आणि गोळी लागून पडला. त्याला आणला तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. तारामावशी रडली पण नाही. नुसती विचारत राहिली, जेवून गेलेलो काय गो तो, जेवून गेलेलो काय.

पुढं सत्याग्रहात ह्यांना धरलं, लांब कुठं तुरुंगात नेलं. सासू त्याआधीच गेलेली. मी एकटी, त्यात पोटुशी. जिन्यात बूट वाजला की माझ्या हातातलं भांडं पडायचं. अशात एका सकाळी खालच्या माळ्यावरचे अनंतभाऊ आले, ते समितीचं काम करायचे. म्हणाले, वहिनी, लालबागला पोलीस खोल्या तपासतायत, दगडफेकीच्या केसमध्ये त्यांना पोरं हवीत, तुमच्या दत्तारामनं मोर्चाचे फोटो काढलेत त्यात पोरांचे चेहरे आहेत, आजच्या आज जाळून टाका, नाहीतर चाळीतली पोरं आत जातील आणि तुम्ही पण. एवढं बोलून गेले. मी तशीच उभी. कुठली पोरं, कुठला मोर्चा, मला काय ठाऊक, म्हणून तारामावशीला हाक मारली, तिला सगळ्यांची पोरं ठाऊक.

पेटी उघडली आणि काय सांगू. अहो, ती आमचीच चाळ होती, पण मी कधी बघितली नव्हती. नळावरची वेणू, ओले केस मागं टाकलेले, त्यांच्यातून ऊन आलेलं. पापडावर वाकलेल्या बायका आणि त्यांच्या हातांच्या सावल्या. झोपलेल्या माणसाच्या छातीवर त्याची लेक, तिच्या मुठीत त्याच्या गंजीफ्राकाचं टोक. मी जाळायचं विसरले हो. मग एकेक बाई येत गेली. आमच्याकडे आरसा तो केवढा, कुंकू लावण्यापुरता, आपण सबंध कशा दिसतो ते कुणी बघितलेलं होतं? वेणू आपला फोटो हातात धरून बसली, मग हळूच म्हणाली, मी बरी दिसते की. आणि मला एकीकडे वाटतंय हे असंच चालावं, आणि एकीकडे कान सगळा जिन्याकडे.

तेवढ्यात मावशीच्या हातात तो फोटो आला. लॉरीच्या मागं उभी पाच पोरं, मधोमध सदा, तोंडभर हसतोय. तिच्याकडे त्याचा एक पण फोटो नव्हता. ती बघतच राहिली, अंगठ्यानं त्याचा गाल पुसल्यासारखा करी. बाकीची चौघं जिवंत, ह्याच चाळीतली, सगळ्यांची तोंडं ओळखू येतील अशी. तीच मग म्हणाली, घाल चुलीत, त्यांका पण आवशी हत गो. आवशी म्हणजे आया. आणि फोटो माझ्यासमोर धरला.

माझ्यानं होईना. मी कातर घेतली, सदाला भोवतीनं कापला, बाकीचे चौघे चुलीत घातले. पण त्या चौघांतला मधू त्याला अगदी बिलगून उभा होता, त्याचा हात सदाच्या खांद्यावर. तो हात काढायचा तर सदाचा खांदा जात होता, गळा जात होता. तो राहिला. मधूचं मधलं बोट अर्धंच होतं, मिलमध्ये तुटलेलं, ते फोटोत स्पष्ट दिसत होतं.

मोर्चाचे सगळे जाळले, फिल्मा पण जाळल्या. फिल्मांचा असा घाण उग्र वास सुटला की वेणूनं धावत जाऊन सुके बोंबील भाजायला घेतले, तो वास झाकायला. मी मावशीला म्हटलं, फोटो लपवा हो. ती म्हणाली, लपवूक तो काय चोर होतो? आणि देवापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. साहेब आणि शिपाई. पेटी उघडली, त्यात चाळीतलेच फोटो उरलेले. साहेब उभ्यानं चाळू लागला, मग हात सावकाश झाला, मग उंबऱ्यावर बसला आणि एकेक बघू लागला. कुणी काढले म्हणाला. मी सांगितलं, आमच्या ह्यांनी, ते तुरुंगात आहेत. त्यानं पेटी बंद केली. उठून मावशीच्या खोलीत गेला. मी दारात. मधू पहिली पाळी करून आलेला, समोरच कठड्याला टेकून उभा, हात खिशात.

साहेबानं फोटो उचलला. हा कोण? मावशी म्हणाली, माझो झील. कुठे आहे? गेलो, तुमच्या गोळीन. साहेबानं फोटो उजेडात धरला. मग म्हणाला, आणि हा हात कोणाचा? मावशी म्हणाली, बापसाचो. बोट? साच्यात गेला. तो कुठे आहे? तोव गेलो.

तो हात तरण्या पोराचा होता, आंधळ्याला पण कळलं असतं. साहेब बाहेर आला, त्याची नजर सगळ्या पुरुषांवरून फिरली, मधूपाशी थांबली असं मला वाटलं. मग परत आत गेला, फोटो होता तिथं ठेवला, नीट, भिंतीला टेकून. आमची पेटी मात्र शिपायाच्या डोक्यावर देऊन घेऊन गेला.

त्यानंतर कितीतरी महिने आम्ही झोपलो म्हणजे काय, पडून राहिलो. आज येतील, उद्या येतील. आले नाहीत. मधूची आई म्हणाली गावाला जा, तो गेला नाही. तो रोज मावशीकडे जेवायला बसू लागला. मावशी गेली तेव्हा अग्नी त्यानंच दिला.

हे सुटून आले, तान्ह्याला मांडीवर घेतलं, तेव्हा मी भीत भीत सांगितलं, पेटी गेली. ह्यांनी विचारलं, कुणी बघितले का गं ते फोटो? म्हटलं, सगळ्यांनी, आणि वेणू म्हणाली मी बरी दिसते. तेव्हा कुठं जेवले.

महाराष्ट्र झाला, आम्ही पण पेढे वाटले. हे चौकीवर जाऊन पेटी विचारून आले, पुन्हा पुन्हा गेले. कुणाला काही ठाऊक नाही. आता हे नाहीत, वेणू नाही, मधूही गेल्या वर्षी गेला. मला मोतीबिंदू, तुमचं तोंड पण धड दिसत नाही. त्या फोटोंना वाळवी लागली असेल, नाहीतर कुठं पडून असतील. तो साहेब वाईट होता की चांगला, मला अजून ठरवता येत नाही. पण त्यानं, नाहीतर दुसऱ्या कुणी, एखाद्या दुपारी ती पेटी उघडून आमच्या बायका बघितल्या असतील, तर त्याचं भलं होवो.