मुकादमाचा हात

चहा घ्या, अन् ऐका, आजही सांगताना अंगावर काटा येते! कारखान्यात मी जड सामान उचलणाऱ्या खलाशांचा नवाच मुकादम झालो होतो. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर क्रेन चालायची. पहिल्याच दिवशी गर्डर हवेत, अन् आमचा गणपत नेमका त्याच्या खाली! "बाजूले हो ना बे!" म्हणून मी ओरडलो अन् रागात हात खाली झटकला. क्रेनवाल्या साहूले वाटलं, उतरवायचा इशारा आहे. गर्डर सरसर खाली! गणपत उडी मारून वाचला.

साहू वरून ओरडला, "काका, गुस्सा मुँह से करो, हाथ से नहीं!"

घरी आरशासमोर तसंच ओरडून पाह्यलं. हात आपोआप खाली झटकला गेला! बायको म्हणाली, "आज दिसला का? मी तर लग्नापासून पाहून राहिली."

दुसऱ्या दिवशी गर्डर अलगद जागेवर बसला. सगळे खलाशी माझ्या हाताकडे पाहत होते. गणपत म्हणाला, "काका, आज रागावले नाही?"

"रागावलो ना रे, दोनदा! पण आधी हात खिशात घातला, मग रागावलो."