श्वास सोडत वर यायचं

मंडळी, मी आठवी नापास. माईकसमोर कधी उभा राहिलो नाही. बापूदादाच्या दहाव्याला अंदमानातून कसाबसा पोचलो. आज या शोकसभेला तुम्ही ओझरहून, अंबडच्या कारखान्यातली ड्युटी टाकून आलात. वहिनी समोर बसल्यात. त्यांच्याकडं बघून बोलता येत नाही, म्हणून मागच्या भिंतीकडं बघतो.

आत्ता सरपंचआबा म्हणाले, पाण्यानं घात केला. आबा, माफ करा. पाण्यानं काही नाही केलं.

बापूदादा माझा चुलतभाऊ. निफाडकडं कुणाच्या विहिरीत मोटर पडली की त्यालाच फोन. एका दमात तळाशी जायचा, दोर बांधायचा, वर यायचा. आपण काठावर आकडे मोजायचो. मीही मोजलेत. लय अभिमान होता आपल्याला त्या दमाचा.

मग त्यानं कुणाकडून तरी पाठीवर बांधायचा हवेचा सिलेंडर घेतला. जुनाच. मी तिकडं डायव्हिंगच्या बोटीवर कामाला. मी म्हटलं, "दादा, आधी कोर्स कर. चार-पाच दिवसांचा असतो." तर म्हणाला, "येड्या, पाठीला डबा बांधून तुला विहिरीत कोणी ढकललं होतं? मी! आता मी मास्तरकडं पोहायला शिकू?"

तुम्ही सगळे हसलात. फोनवर ऐकू येत होतं. कोणीतरी ओरडलं, "पाण्यात उतरायला सर्टिफिकेट लागतं का रे?"

मीही हसलो.

बोटीवर डायव्हिंग शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी मला पहिल्या दिवशी, पाण्याला पाय लागायच्या आधी, एकच गोष्ट सांगितली होती. सिलेंडरची हवा घेतली की श्वास कोंडायचा नाही. कधीच नाही. ती हवा दाबलेली असते, वर येताना छातीत फुगते. श्वास सोडत, सावकाश वर यायचं. मी तीनदा चुकलो. त्यांनी तीनदा उथळ पाण्यात परत पाठवलं. मला राग आला होता. आपल्याकडं विहिरीत उलटंच शिकवतात ना! दम धर. दम धर. दम धर.

दादानं तेच केलं. मोटरला दोर बांधला, छाती भरून घेतली आणि जन्मभर यायचा तसाच दम धरून सुसाट वर आला. हात वर केला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मंडळी, टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्याचं फुप्फुस फाटलेलं होतं.

कोणी अटॅक म्हणतं, कोणी नशीब. वहिनी, मी खरं सांगतो. विहिरीत उतरायच्या आदल्या दिवशी त्यानं मला व्हिडिओ कॉल केला. "सिलेंडरचा कोणता पाईप कुठं लावू रे?" दादानं मला विचारलं, याचंच मला केवढं वाटलं! जेवता जेवता पाच मिनिटांत दाखवलं. श्वासाचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, दादाला मी काय शिकवायचं, असं वाटलं. एक वाक्य होतं वहिनी. ते मी गिळलं.

आणि काल दहाव्याला, नदीवरच, एकजण मला म्हणतो, "आमच्या विहिरीत मोटर पडलीय. बापूचा सिलेंडरचा सेट पडूनच हाय. तू तर शिकलेला. उतरतो का?"

नाय उतरणार. एकट्यानं उतरायचं नसतं, हेही मॅडमनीच शिकवलंय. सेट मी घेऊन चाललोय. मोटरीला क्रेन बोलवा. ज्याला खाली जायचंय, त्यानं आधी शिकवणाऱ्यापुढं उभं राहावं. लाज वाटली तरी.

आता दादासाठी दोन मिनिटं उभं राहू. बोलू नका. पण श्वास रोखू नका. हळूहळू सोडा. त्याला सांगायचं राहिलं, ते तुम्हाला सांगतोय.