बाबांना मोनॅको पुरलं नाही

बाबांचं मोनॅको सांगितलं का तुला? मी दोघांना दोन दिवस तिकडे पाठवलं होतं. मी इथे वॉटफर्डला ऑफिसात, आणि हॉटेलमधून आईचा फोन, "अगं, हे सकाळी फिरायला गेलेत ते आलेच नाहीत. पासपोर्ट इथेच आहे!"

तेवढ्यात बाबांचाच फोन.

"राजवाड्याकडचा भाग पेठेसारखा, सगळे खिडकीतून बघतात. बंदरात मासळी शोधली, तर नुसत्या शोभेच्या बोटी. कॅसिनोपाशी लोक गाड्यांचे फोटो काढतात. मग चौपाटी लागली, तिथून पुढे आलो."

"पुढे कुठे?"

"फ्रान्समध्ये. पोलिसाच्या फोनवरून बोलतोय."

"बाबा, आधी मागे फिरा!"

"डॉक्टरांनी पाच किलोमीटर सांगितलेत. यांचा देश त्याआधीच संपला, त्याला मी काय करू?"